खारफुटीतली औषधं: खाडीकाठच्या फेरीत दर वेळी विचारले जाणारे प्रश्न

नवी मुंबईतल्या एका फार्मसी कॉलेजात मी औषधी वनस्पतींचा विषय शिकवते. महिन्यातून दोन रविवारी, ओहोटीची वेळ साधून, विद्यार्थ्यांना आणि हौशी मंडळींना खाडीकाठी घेऊन जाते. झाडं तीच, चिखल तोच, आणि प्रश्नही बहुतेक तेच. फेरीच्या घाईत उत्तर अर्धवट राहतं आणि घरी जाताना लोक सोयीचा तेवढाच अर्धा भाग घेऊन जातात, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढलं.

खारफुटी, कांदळवन, तिवर: ही एकाच झाडाची नावं आहेत का?

नाही. खारफुटी किंवा कांदळवन हे भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या सगळ्या झाडांचं सामाईक नाव आहे. सरकारी कागदात ‘कांदळवन’ असतं, बोलताना आपण ‘खारफुटी’ म्हणतो. ही झाडं एका कुळातली नाहीत. वेगवेगळ्या कुळांतल्या झाडांनी खाऱ्या पाण्यात जगायची रीत आपापली शोधून काढली आहे. औषधांच्या दृष्टीने हा मुद्दा फार महत्त्वाचा, कारण कूळ बदललं की आतली रसायनंही बदलतात. ‘खारफुटी मधुमेहावर चालते’ असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठली?

ठाण्याच्या खाडीत सगळ्यात जास्त दिसते ती तिवर, म्हणजे अ‍ॅव्हिसेनिया मरिना. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं दिसली की बहुधा तीच. खाडीच्या आतल्या भागात, गोडं पाणी मिसळतं तिथे, मारांडीची काटेरी झुडपं आणि जांभळट-निळी फुलं दिसतात. त्याशिवाय चिप्पी, काजळा, गेवा, थोडी कांदळाची झाडं, काठावर खाकण आणि झाडांवर चढलेली करंजवेल. २०२० साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. आपल्या खाडीत जास्त आढळते ती चिप्पी मात्र तिची बहीण, सोनेरॅशिया अ‍ॅपेटाला.

याच झाडांमध्ये औषधी द्रव्यं का असावीत?

झाड रसायनं बनवतं ते स्वतःच्या गरजेपोटी. खारफुटीची गरज मोठी आहे. मुळाशी प्राणवायू जवळजवळ नाही, पाण्यात मीठ, वर दिवसभर ऊन, पानं कुरतडायला खेकडे आणि किडे, आणि आजूबाजूच्या चिखलात चमच्याला कोट्यवधी जिवाणू-बुरशी. झाडाला पळून जाता येत नाही. मग ते टॅनिनने साल तुरट करतं, उन्हापासून जपायला फ्लेवोनॉइड बनवतं, कोणी फांदी मोडली तर जहाल चीक सोडतं.

पुढच्या वेळी तिवरीचं पान उलटं करून भिंगाखाली धरा. वरची बाजू हिरवी, चकचकीत. खालची बाजू राखाडी, बारीक लव असलेली. कोरड्या दिवशी दुपारी त्यावर मिठाचे चौकोनी कण अक्षरशः चमकताना दिसतात. पानातल्या ग्रंथींनी ते बाहेर टाकलेले असतात. कांदळाची रीत वेगळी: तो मुळाशीच मीठ गाळून घेतो. एकाच चिखलात दोन झाडांची दोन तंत्रं, आणि आतलं रसायनशास्त्रही तितकंच निराळं.

जे द्रव्य बुरशीला किंवा किड्याला रोखतं, ते आपल्या शरीरातल्या एखाद्या प्रथिनालाही जाऊन चिकटू शकतं. कधी त्यातून औषध सापडतं, कधी विष, आणि पुष्कळदा मात्रेप्रमाणे दोन्ही.

खारफुटीच्या झाडापासून बनलेलं एखादं औषध आज दुकानात मिळतं का?

खारफुटीच्या पानातून किंवा सालीतून काढलेला शुद्ध रेणू, सगळ्या चाचण्या पार करून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो आहे, असं आज एकही उदाहरण मी दाखवू शकत नाही.

पण खारफुटीच्या मुळांवरून एक औषध नक्की आलं आहे, आणि त्याची हकिकत मी प्रत्येक बॅचला सांगते. कॅरिबियन समुद्रात तिथल्या तांबड्या कांदळाच्या पाण्यात बुडालेल्या मुळांना नारिंगी, जेलीसारखा एक जीव झुपक्यांनी चिकटलेला असतो. एक्टिनासिडिया टर्बिनाटा हे त्याचं नाव. त्याच्या अर्कात कर्करोगाच्या पेशींना रोखायची ताकद आहे, हे १९६९ साली लक्षात आलं. पण त्यातला नेमका रेणू कोणता, त्याची रचना कशी, हे कळायला १९९० उजाडलं. इतका वेळ लागला, कारण टनभर जीव गोळा केले तर हाती जेमतेम एक ग्रॅम द्रव्य येई. अशा हिशेबाने एका रुग्णालयाचीही गरज भागली नसती आणि मुळं मात्र ओरबाडली गेली असती.

१९९६ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ई. जे. कोरी यांच्या प्रयोगशाळेने तो रेणू संपूर्ण कृत्रिमरीत्या बनवून दाखवला, पण पायऱ्या इतक्या की कारखान्यात परवडेना. मग एका स्पॅनिश कंपनीने वेगळी वाट धरली. स्यूडोमोनास नावाचा जिवाणू टाकीत वाढवायचा, त्याच्याकडून जवळपास तशाच रचनेचा रेणू मिळवायचा आणि उरलेलं काम रसायनशाळेत पूर्ण करायचं. ट्रॅबेक्टेडिन या नावाने ते औषध २००७ मध्ये युरोपात आणि २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींच्या काही कर्करोगांवर ते वापरतात.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट नंतर कळली. तो रेणू मुळात बनवतो तो त्या नारिंगी जीवाच्या शरीरात राहणारा एक जिवाणू. म्हणजे झाडाच्या मुळावर जीव, जिवाच्या पोटात जिवाणू, आणि औषध त्या जिवाणूचं. मूळ तोडलं की सगळी उतरंडच कोसळते.

आपल्या खाडीतल्या कुठल्या झाडात काय सापडलं आहे?

मारांडी. ही अडुळशाच्या कुळातली. (आता तिवरीलाही याच कुळात धरतात.) अडुळशाचं नाव घेतलं की मला ब्रोमहेक्सिन आठवतं. अडुळशातल्या व्हॅसिसिन या अल्कलॉइडवरून सुचलेला, पण प्रयोगशाळेत बदलून घेतलेला रेणू. कफ पातळ करणाऱ्या ज्या औषधात ब्रोमहेक्सिन किंवा अ‍ॅम्ब्रॉक्सॉल असतं, त्याचं मूळ तिथे आहे. मारांडीच्या बाबतीत अजून असं काही घडलेलं नाही, पण तिच्यात २-बेंझॉक्साझोलिनोन नावाचं द्रव्य मिळतं. काला आजाराच्या परजीवीवर, म्हणजे लीश्मानियावर, काचेच्या बशीत त्याचा परिणाम १९९४ साली दाखवला गेला. त्याहून लक्षात राहणारी गोष्ट वेगळीच आहे. पाठ धरली की मिळणाऱ्या काही गोळ्यांवर ‘क्लोरझॉक्साझोन’ लिहिलेलं असतं, ते याच रेणूला क्लोरिनचा एक अणू जोडलेलं रूप. ते मारांडीवरून बनलं नाही, १९५० च्या दशकात प्रयोगशाळेत तयार झालं. इकडे किनाऱ्यावरचे लोक मारांडीचा पाला सांधेदुखीवर शेकायला वापरत आले आहेत. दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या की संशोधकाचं मन धावतं, आणि माझंही धावतं. पण ‘शेजारी’ आणि ‘म्हणून’ यांत अंतर आहे, आणि ते प्रयोगानेच कापावं लागतं.

काजळा. वावडिंग घराघरांत माहीत आहे, लहान मुलांच्या जंतांवर देतात ते. त्यातलं मुख्य द्रव्य एम्बेलिन, पिवळसर-केशरी रंगाचं. काजळा वावडिंगाच्याच कुळातला, आणि त्याच्यातही एम्बेलिनची भावंडं सापडली आहेत. शिवाय सालीत सॅपोनिन आहेत. रिठ्यासारखा फेस होतो आणि माशांना ते विषारी असतं. साल कुटून पाण्यात टाकली की मासे गुंगून वर येतात, हे कित्येक किनाऱ्यांवरच्या लोकांना ठाऊक होतं.

करंजवेल. हिच्या मुळांत रोटेनोन असतं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्रणेची पहिलीच कडी ते बंद पाडतं. कीटकनाशक म्हणून ते बरीच वर्षं वापरात होतं, ‘नैसर्गिक आहे, निर्धोक आहे’ असं म्हणून. आज प्रयोगशाळांमध्ये उंदरांत पार्किन्सनसारखी लक्षणं निर्माण करायला रोटेनोनच टोचतात. ‘झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार’ असं कोणी म्हणालं की मी करंजवेलीकडे बोट दाखवते.

कांदळ. सालीवर नखाने ओरखडा काढला तरी आत तांबूस रंग दिसतो. ते टॅनिन. हिरड्याने तोंड आवळतं ना, तसंच हे. टॅनिन प्रथिनांना धरून आकसवतं, म्हणूनच चामडं कमावायला आणि सुती जाळी कुजू नयेत म्हणून ती रंगवायला कांदळाची साल वापरली जाई. जुलाबावर सालीचा काढा देण्यामागेही तोच गुण. क्युबात तिथल्या तांबड्या कांदळाच्या सालीच्या अर्कावर बरंच पद्धतशीर काम झालं. तोंडात वारंवार येणारे छाले आणि उघड्या जखमा यांवर रुग्णांमध्ये चाचण्या घेतल्या गेल्या. खारफुटीच्या झाडांपैकी मला सगळ्यात भरवशाची वाटणारी दिशा हीच आहे, कारण इथे औषध वरून लावायचं आहे, आणि टॅनिन नेमकं काय करतं हे आपल्याला ठाऊक आहे.

तिवर. हिच्यात रसायनांचे बरेच गट सापडले आहेत: इरिडॉइड, फ्लेवोनॉइड, ल्युपिऑलसारखी ट्रायटर्पीन आणि नॅफ्थोक्विनोन. या शेवटच्या गटाबद्दल खाली कर्करोगाच्या प्रश्नात सांगते.

खाकण. हाच पिलू, ज्याच्या काड्या मिस्वाक म्हणून मशिदीबाहेर मिळतात. काडीत बेंझिल आयसोथायोसायनेट असतं. मोहरी-मुळ्याच्या झणझणीतपणाचं सगोत्र द्रव्य, तोंडातल्या जिवाणूंना मारक. जागतिक आरोग्य संघटनेनेही मिस्वाकच्या वापराला पाठिंबा दिलेला आहे. काठावरच्या सगळ्या झाडांत रोजच्या वापरात पोचलेलं हे एकच.

गेव्याचं वेगळं लिहावं लागेल.

गेव्याच्या चिकाने माणूस आंधळा होतो, हे खरं का?

चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, डोळा सुजतो, काही काळ दिसेनासं होऊ शकतं. जगभर या झाडाची जी नावं पडली आहेत त्यांतली पुष्कळशी ‘डोळे घालवणारं’ याच अर्थाची आहेत. आमच्या एका फेरीत एका विद्यार्थ्याने सहज पान तोडलं. देठातून दुधासारखा पांढरा थेंब आला, त्याने तो बोटाला लागलेला तसाच ठेवला आणि पाच मिनिटांनी घाम पुसताना पापणीवरून बोट फिरवलं. नशिबाने थेंब बाहेरच लागला होता. तरी संध्याकाळपर्यंत पापणी टरारून सुजली होती. तेव्हापासून गेव्याजवळ पोचायच्या आधीच मी सगळ्यांना हात खिशात घालायला लावते.

चीक डोळ्यात गेलाच तर लगेच, तिथल्या तिथे, बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धूत राहायचं आणि नंतर सरळ नेत्रतज्ज्ञाकडे जायचं. खाडीचं पाणी वापरायचं नाही. दूध, गुलाबपाणी, मध काही घालायचं नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता काढायची.

आता याच चिकाची दुसरी बाजू. गेवा एरंडाच्या कुळातला. जमालगोटाही याच कुळातला आणि दोघांतही फोर्बॉल एस्टर नावाचे रेणू असतात. १९९५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या संशोधकांनी गेव्यातून असा एक फोर्बॉल एस्टर वेगळा केला, जो प्रयोगशाळेत एचआयव्हीपासून पेशींना वाचवत होता. बातमी म्हणून हे फार आकर्षक. पण जमालगोट्यातला याच गटातला रेणू कातडीवर पुन्हा पुन्हा लावला तर गाठी वाढायला मदत करतो, हे कर्करोगाच्या संशोधनातलं फार जुनं निरीक्षण आहे. एकाच कुटुंबातला एक रेणू विषाणूला अडवतो आणि दुसरा गाठ वाढवतो. यातला उपयोगी भाग ठेवून घातक भाग काढता येतो का, हे रसायनतज्ज्ञांचं वर्षानुवर्षांचं काम आहे. घरी चीक पाजण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

‘खारफुटीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मरतात’ अशी बातमी वाचली. मग अडलंय कुठे?

बातमी बहुधा खोटी नसते, फक्त पहिल्याच पायरीची असते. प्लास्टिकच्या छोट्या वाटीत वाढवलेल्या पेशींवर अर्क टाकला आणि पेशी मेल्या. साबणाच्या पाण्यानेही त्या मरतात. बघायचं असतं ते पुढचं: किती मात्रेला मेल्या, त्याच मात्रेला निरोगी पेशी जगल्या का, तेवढी मात्रा रक्तात पोचू शकते का, यकृत तिचं काय करतं.

तिवरीतल्या ज्या नॅफ्थोक्विनोनांचा वर उल्लेख केला, ती लॅपॅकॉल नावाच्या द्रव्याच्या घराण्यातली. लॅपॅकॉल मुळात दक्षिण अमेरिकेतल्या टबेबुया झाडाचं. त्याने प्राण्यांमधल्या गाठींवर इतका चांगला परिणाम दाखवला की अमेरिकेत माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. तिथे कळलं, की गाठीला पुरेल इतकी मात्रा रक्तात पोचवायला जावं तर आधी मळमळ-उलट्या होतात आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. १९७० च्या सुमारास तो नाद सोडावा लागला. वाटीत मारणारा रेणू आणि माणसाला बरं करणारं औषध यांच्यामधली दरी इतकी रुंद असते. ती ओलांडायला साधारण दहा-पंधरा वर्षं जातात, आणि निघालेल्यांपैकी फार थोडे पैलतीराला लागतात.

आणखी एक अडचण आहे, ती बातमीत कधीच येत नाही. टॅनिन आणि क्विनोन प्रयोगाचीच फसवणूक करतात. टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे कुठल्याही चाचणीत ‘परिणाम झाला’ असंच दिसतं: मधुमेहाचं एन्झाइम थांबलं, जिवाणू मेले, विषाणू अडला. खारफुटीच्या सालीत टॅनिन खच्चून भरलेलं. एकच अर्क दहा रोगांवर गुणकारी असल्याचं वाचलं की मला आनंद होत नाही, शंका येते.

मला मधुमेह आहे. कांदळाच्या किंवा तिवरीच्या पानांचा काढा घेऊन बघू का?

कृपा करून घेऊ नका.

आमच्या सोसायटीतले एक काका, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी मोबाइलवर जाहिरात बघून ‘समुद्री वनस्पतींचं’ कसलंसं चूर्ण मागवलं. पाकिटावर झाडाचं नाव नव्हतं, बॅच नंबर नव्हता. तीन आठवडे ते घेतलं आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बंद केल्या, कारण बरं वाटत होतं. चौथ्या आठवड्यात पायाला छोटी जखम झाली ती भरेना. तपासलं तर उपाशीपोटीची साखर तीनशेच्या वर. पाय वाचला, पण दोन महिने घरात बसून काढावे लागले. मी त्याच इमारतीत राहते, हाच विषय शिकवते, आणि त्यांनी मला विचारलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. त्यांना विचारणं सोपं जावं, म्हणूनही हे लिहिते आहे.

मधुमेही उंदरांमध्ये कांदळाच्या अर्कांनी साखर उतरल्याचे निष्कर्ष आहेत. पण तुम्ही आधीच ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल आणि काढ्यानेही साखर उतरली, तर ती एकदम खाली जाऊन चक्कर येईल, घाम फुटेल. काढ्याने उतरलीच नाही आणि गोळी सोडलेली असेल तर काकांसारखं होईल. शिवाय टॅनिन जेवणातलं लोह शोषू देत नाही. रक्त आधीच कमी असेल तर तेही बघायला हवं.

आणि आपल्या खाडीपुरतं एक जास्तीचं कारण. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६० च्या दशकापासून रासायनिक कारखाने उभे राहिले. त्यांचं आणि दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी वर्षानुवर्षं या खाडीत आलं. खारफुटीचा चिखल शिसं, पारा, कॅडमियम असे जड धातू धरून ठेवतो. ते उघड्या पाण्यात कमी पसरावेत म्हणून हे आपल्यावर उपकारच आहेत. पण त्यातला काही भाग झाडात चढतो. तिवर तर पानावर टाकलेल्या मिठाबरोबर जस्तही बाहेर टाकते. म्हणूनच पानावरचे ते चमकणारे कण भिंगातून बघा, जिभेला लावू नका. मुलांना तर मुळीच लावू देऊ नका.

पण सुंदरबनात चिप्पीची फळं खातात ना?

खातात. तिकडे तिला केओडा म्हणतात, आंबट फळांचं लोणचं आणि आमटीसारखे पदार्थ करतात. फळ पौष्टिक आहे. ठाण्याच्या खाडीतलं मी खात नाही, आणि कारण वरच्या उत्तरात आलंच आहे.

कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना जे माहीत आहे, त्याला विज्ञानात काही किंमत आहे का?

आहे, आणि मी ते फार मानते. दिवाळे गावच्या एका मावशींनी मला गेवा दुरून ओळखायला शिकवलं. गळण्याआधी त्याची पानं लाल होतात, म्हणजे हिरव्या रांगेत मध्येच तांबडा ठिपका दिसला की सावध. पुस्तकात ते होतं, पण मला दिसलं ते मावशींनी दाखवल्यावर. मारांडीचा पाला कधी खुडायचा, कुठली साल जाळ्याला आणि कुठली सरपणाला, कुठल्या लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबतो, हे सगळं निरीक्षणच आहे. शंभर झाडांतून कुठलं आधी तपासायचं, हे ठरवायला त्याच्याइतकी चांगली वाट नाही.

त्या ज्ञानावर हक्कही त्यांचा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे स्थानिक लोकांना आणि पारंपरिक वैद्यांना आपल्या वापरासाठी मोकळीक आहे, पण कंपनीला व्यापारी उपयोग करायचा तर राज्य जैवविविधता मंडळाकडे जावं लागतं, परदेशी संस्थेला राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि फायद्यातला वाटा मूळ राखणदारांना देण्याची तरतूद आहे. कोणी टेपरेकॉर्डर घेऊन ‘आजी, तुमचे उपाय सांगा’ म्हणत आलं, तर आधी त्याला विचारा की ही माहिती कुठे जाणार आहे. गावच्या किंवा पालिकेच्या जैवविविधता नोंदवहीत ती तुमच्या समाजाच्या नावावर नोंदवून घ्या. आत्ताच घ्या, कारण सांगणारी माणसं थकत चालली आहेत.

घरी नेण्यासाठी फांदी तोडली तर गुन्हा होतो का?

हो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभरातली खारफुटीची तोड थांबवली आणि २०१८ च्या निकालाने ते कायम केलं. ठाणे खाडीचा बराच भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे वन्यजीव कायदाही लागू होतो. खाली पडलेलं पान बघा, फोटो काढा, तिथेच ठेवा.

औषधासाठी मागणी आली तर ही झाडंच संपतील, अशी भीती वाटते.

ही भीती निराधार नाही, सह्याद्रीत आपण ते पाहिलं आहे. कर्करोगावरच्या टोपोटेकान, इरिनोटेकान या औषधांचा मूळ रेणू कॅम्पटोथेसिन. तो १९६६ मध्ये एका चिनी झाडातून मिळाला. पुढे कळलं की आपल्याकडच्या नरक्यात तो भरपूर आहे. मग घाटमाथ्यावर नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. ट्रक भरभरून लाकूड गेलं, आणि ज्या गावांच्या रानातून गेलं त्यांच्या हाती मजुरीपलीकडे काही लागलं नाही.

खारफुटीत हे टाळता येईल, आणि वाट तीच: ट्रॅबेक्टेडिनची. झाड कापायचं नाही, त्याच्याकडून रेणूची रचना शिकायची. त्याहून आशादायक म्हणजे पानांच्या आत, काहीही इजा न करता राहणाऱ्या बुरशी. खारफुटीच्या पानाचा नखाएवढा तुकडा फक्त वरून निर्जंतुक करून पोषक द्रव्यावर ठेवला की आठवड्याभरात त्याच्या कडांतून पांढरे, करडे, कधी गुलाबी धागे बाहेर येतात. प्रयोगशाळेत पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी दुपारचं जेवण विसरले होते. या बुरशी नवेनवे रेणू बनवतात, आणि त्या टाकीत हव्या तितक्या वाढवता येतात. एकदा बुरशी हाती आली की पुन्हा खाडीत जावं लागत नाही. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या खारफुटीतून अशा बुरशींवर प्रचंड काम झालं आहे. आपल्याकडे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सागरी वनस्पतींच्या रसायनांवर जुन्या काळापासून काम केलं आहे. महाराष्ट्राच्या खाड्यांवर मात्र व्हायला हवं त्याच्या मानाने फार थोडं झालंय, आणि मला ती संधी वाटते.

फक्त ती बुरशी त्याच झाडात, त्याच चिखलात, त्याच भरतीत घडलेली असते. रस्त्यासाठी इथली झाडं तोडून दुसऱ्या जिल्ह्यात रोपं लावली तर झाडांची संख्या कागदावर भरून निघते, बुरशी भरून निघत नाही.

मी बी.फार्म./एम.एस्सी.ला आहे. खारफुटीवर प्रकल्प करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

आधी परवानगी, मग पिशवी. वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज करा आणि वेळ हाताशी ठेवा. अभयारण्याच्या बाहेरची जागा निवडली तर सोपं जातं.

नमुना कोणत्या झाडाचा, हे जाणकाराकडून लेखी घ्या. मुंबईच्या सेंट झेवियर्समधला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह किंवा पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र यासाठी आहेत. दाबून वाळवलेला नमुना क्रमांकासह ठेवला नाही तर पुढचं सगळं काम वाऱ्यावर. तारीख, भरतीची वेळ, पाण्याचा खारटपणा लिहा. पावसाळ्यात खाडी गोडी होते आणि मे महिन्यात कडक खारी, त्याप्रमाणे पानातली द्रव्यं कमी-जास्त होतात. जुलैचा आणि मेचा नमुना एकच समजू नका.

जड धातूंची तपासणी करा, निष्कर्ष काहीही येवो. चाचणीआधी अर्कातलं टॅनिन काढा (पॉलिअमाइडवरून गाळलं तरी बराच फरक पडतो) आणि टॅनिनसह व टॅनिनशिवाय असे दोन्ही आकडे द्या. टॅनिन काढल्यावर परिणाम गायब झाला, तर तेही प्रामाणिकपणे छापा. त्याने पुढच्या दहा जणांची मेहनत वाचेल.

यंत्रातून चाळीस द्रव्यांची यादी काढायची, ती संगणकावर एखाद्या प्रथिनात बसवून दाखवायची आणि ‘औषधाची शक्यता’ म्हणून मोकळं व्हायचं, असे प्रबंध दर वर्षी माझ्याकडे तपासायला येतात. त्यात मुलांचा दोष नसतो, वर्षभरात काही तरी संपवायचं असतं. तरी माझं ऐकाल तर एकच द्रव्य घ्या, ते शुद्ध करा, आणि त्याची एक चाचणी तीन वेळा तोच आकडा येईपर्यंत करा.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत हे सगळं कुठे बघायला मिळेल? काय आणायचं?

ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र सगळ्यात सोयीचं. लाकडी पुलावरून झाडांच्या मधून जाता येतं, झाडांची माहिती आहे, आणि हंगामात फ्लेमिंगो बघायला बोटही सुटते. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीत आहे, म्हणजे तुम्ही आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेत उभे असता.

ओहोटी पूर्ण लागायच्या तासभर आधी पोचा, म्हणजे तिवरीची मुळं आणि त्यांच्यामधून चिखलात उड्या मारणारे निवटे मासे दोन्ही दिसतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, जुने बूट, दहापट मोठं करून दाखवणारं भिंग आणि पिण्यावेगळी एक लिटर पाण्याची बाटली आणा. ती बाटली गेव्यासाठी. आजवर ती न उघडताच परत गेली आहे, तरी दर वेळी आणा.